आजचं चिंतन : डोंगर ओलांडणारा पांगळा



आज गीताध्यानातला तो श्लोक घेतलाय, ज्यात माधवाच्या कृपेने मुका बोलायला लागतो आणि पांगळा डोंगर ओलांडतो असं सांगितलंय. श्लोक इथे लिहीत नाही. गीता उघडण्याआधी तुमच्यातले बरेचजण तो म्हणतातच.

हाच श्लोक घेण्याचं कारण म्हणजे एक रील. आपल्यातल्याच एका वाचक ताईने पाठवलं. कमरेखाली काही वर्षं हालचाल नसलेला एक तरुण, पायांना बाहेरून बांधलेला रोबोटिक सांगाडा, हातात कुबड्या. मोटरचा बारीक आवाज होतो, तो उभा राहतो, एक पाऊल टाकतो, मग दुसरं. मागे बासरी, आणि खाली हाच श्लोक. ताईने विचारलंय, "दादा, ही कृपा म्हणायची की इंजिनिअरिंग?"

आधी त्या यंत्रात नेमकं काय होतं ते बघू. ते न समजता कृपेवर बोलणं म्हणजे हवेत गप्पा.

मेंदूतून निघालेली आज्ञा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली पायापर्यंत जाते. अपघातात हा रज्जू चिरडला की वाट तुटते. पाय शाबूत असतात, मेंदू शाबूत असतो, पण निरोप पोचत नाही. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. मज्जारज्जूचे तंतू तसे परत वाढत नाहीत. एक्सोस्केलेटन, म्हणजे हा बाहेरचा सांगाडा, ती वाट दुरुस्त करत नाही. त्याच्या कंबरेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांवर मोटर असतात, बॅटरी असते, आणि शरीर किती कललंय हे ओळखणारे सेन्सर असतात. रीवॉक नावाच्या सूटमध्ये माणूस अंग जरासं पुढे झुकवतो, ते यंत्राला कळतं आणि ते पाय उचलून पुढे टाकतं. तोल माणसानेच सांभाळायचा, कुबड्यांवर, हातांच्या आणि खांद्यांच्या जोरावर. सूट काढला की पाय पुन्हा जसे होते तसे. रील मात्र त्याआधीच संपतं.

क्लेअर लोमस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडच्या घोडेस्वार. 2007 मध्ये पडल्या आणि छातीखालचं शरीर गेलं. 2012 मध्ये त्या रीवॉक घालून लंडन मॅरेथॉनला उतरल्या. 42 किलोमीटर, जे धावपटू काही तासांत संपवतात, त्याला त्यांना 17 दिवस लागले. रोज थोडं थोडं अंतर, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे, नवरा सोबत. वारीत टप्पे असतात ना, तसं. 8 मे ला त्या पोचल्या. पण त्यांना मेडल मिळालं नाही, कारण नियमाप्रमाणे शर्यत त्याच दिवशी संपवायला हवी होती. मग त्याच मॅरेथॉनमध्ये धावलेल्या कितीतरी लोकांनी स्वतःची मेडलं त्यांना देऊन टाकली. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत कृपेची जागा शोधायची झाली तर मी मोटरपेक्षा त्या मेडलांकडे आधी बघेन. पण ते असो.

ताईचा प्रश्न, कृपा की इंजिनिअरिंग. खरं सांगू, आपल्या परंपरेत हा प्रश्न फारसा अवघड नाहीच. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात 116 वं सूक्त आहे, अश्विनीकुमारांचं. त्यात विश्पलेची गोष्ट येते. तिचा पाय तुटतो, पक्ष्याचा पंख तुटावा तसा. अश्विनीकुमार येतात आणि तिला लोखंडाचा पाय बसवून देतात, तोही लगेच, पुन्हा धावता यावं म्हणून. (विश्पला ही बाई होती की शर्यतीतली घोडी, यावर विद्वानांचे वाद आहेत. आपल्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही.) बघा, देवांनी मंत्र म्हणून नवा पाय उगवला नाही, धातूचा बसवला. आणि ऋषीला त्यात काही कमीपणा वाटला नाही, त्याने त्याचंच स्तोत्र केलं. अश्विनीकुमार हे मुळात वैद्य. तेव्हा अवजार हातात आलं म्हणजे देव बाहेर गेला, हे भांडण आपल्याकडचं नाहीच.

माझं मन अडकलंय ते दुसरीकडे. ते रील बघून आपल्या डोळ्यांत पाणी येतं. ते नेमकं कशासाठी येतं?

आपल्या भाषेकडेच बघा. पोरगा कमवायला लागला की 'स्वतःच्या पायावर उभा राहिला'. कारण पटलं नाही की ती 'लंगडी सबब'. मुद्दा कच्चा असला की बाजू 'लंगडी'. उभं असणं म्हणजे पूर्ण असणं आणि बसलेला म्हणजे अर्धा, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की शिकलोय हेही लक्षात राहत नाही. मग व्हीलचेअरमधला माणूस उभा राहिला की आपल्याला हायसं वाटतं. हे हायसं वाटणं त्याच्यासाठी असतं की आपल्यासाठी? चला, एक अस्वस्थ करणारं दृश्य नीट झालं, एवढंच तर नसतं ना?

उभं राहण्यात काही नाही असं मी म्हणत नाही. सूट वापरणारे लोक सांगतात की वर्षांनंतर समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता येणं, उभ्याने मिठी मारता येणं, ही फार मोठी गोष्ट आहे. तासन् तास बसून अंगावर होणाऱ्या जखमा, पायांत येणारे आकडी-ताठरपणा, पोटाच्या तक्रारी, यांत उभं राहून चालण्याने काहींना आराम पडतो. ब्राझीलमध्ये डॉक्टर मिगेल निकोलेलिस यांच्या गटाने 2016 मध्ये एक अभ्यास छापला. जुनी इजा असलेल्या आठ जणांनी वर्षभर मेंदूच्या संकेतांवर चालणारी यंत्रं आणि असे सांगाडे यांवर सराव केला, तेव्हा त्यांना इजेच्या खालच्या भागात थोडी संवेदना आणि काही स्नायूंवर थोडा ताबा परत आला. थोडाच, पण आला. म्हणजे काही वाटा पूर्ण तुटलेल्या नसतात, झोपलेल्या असतात. हे वाचून मलाही आनंद झाला.

पण 2004 मधला एक दुसरा अभ्यासही आहे. अमेरिकेतल्या संशोधक किम अँडरसन यांनी मज्जारज्जूची इजा झालेल्या 681 जणांना विचारलं, काय परत मिळालं तर तुमचं जगणं सगळ्यात जास्त बदलेल? ज्यांचे हातही गेले होते त्यांचं पहिलं उत्तर होतं हात आणि बोटं. ज्यांचे फक्त पाय गेले होते त्यांच्यात पहिलं आलं लैंगिक आयुष्य. लघवी-शौचावरचा ताबा दोन्हीकडे वरच्या क्रमांकात. चालणं पहिलं नव्हतं, ना यांच्यात ना त्यांच्यात.

हे वाचून मी थांबलो. कारण आपण देवळात हात जोडून अशा एखाद्या ओळखीच्या माणसासाठी मागतो तेव्हा काय मागतो? 'पांडुरंगा, याला चालता येऊ दे.' त्याला विचारलेलं असतं का कधी? कदाचित त्याला हवं असेल की चहाचा कप स्वतः उचलता यावा. कदाचित त्याला हवं असेल की रात्री कुणी उठवायला न लागता झोप लागावी. ज्या गोष्टी तो लाजेने बोलणार नाही, त्या आपल्या प्रार्थनेत येतच नाहीत. आपण त्याच्यासाठी मागत असतो, पण मागणं आपल्या डोळ्यांना जे खुपतं त्याचं असतं.

आता श्लोकाकडे परत या आणि व्याकरण नीट बघा. मुक्याच्या बाबतीत श्लोक म्हणतो की कृपा त्याला बोलका करते, त्याची अवस्थाच बदलते. पांगळ्याच्या बाबतीत मात्र तसं म्हटलेलं नाही. कृपा त्याचे पाय बरे करते असा शब्दच तिथे नाही. क्रियापद आहे ओलांडायला लावण्याचं, आणि ओलांडणारा आहे पांगळाच. डोंगराच्या पलीकडे पोचतो तेव्हाही त्याचं नाव पांगळाच आहे. मी ही ओळ लहानपणापासून म्हणत आलोय आणि डोक्यात चित्र नेहमी हेच, की आधी पाय बरे झाले आणि मग डोंगर चढला. ते 'आधी' आपण घातलंय, श्लोकात नाही.

महाभारताच्या आदिपर्वातला अरुण आठवा. विनतेने घाई केली, अंडं वेळेआधी फोडलं, आणि मुलगा जन्मला तो कमरेखाली न घडलेलाच. म्हणून त्याला अनूरु म्हणतात, मांड्या नसलेला. पुढे काय झालं? कुठल्या देवाने त्याला पाय दिले नाहीत. तो सूर्याचा सारथी झाला. पहाटे काकड आरतीच्या वेळी पूर्वेला जी लाली येते ती याची. रोज जगाच्या आधी जो निघतो तो एक पाऊलही टाकू न शकणारा.

रीवॉक ज्याने बनवला त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अमित गोफर, इस्रायलचे इंजिनिअर. 1997 मध्ये अपघात झाला आणि हात-पाय दोन्हींवर परिणाम झाला. 2001 मध्ये त्यांनी कंपनी काढली, माणसाला खुर्चीतून उठवणारं यंत्र बनवायचं म्हणून. 2014 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते घरी वापरायला परवानगी दिली. छातीच्या मधल्या मणक्यापासून खाली इजा असलेल्यांसाठी, सोबत शिकवलेला माणूस हवा या अटीवर. आणि ते चालवायला कुबड्या धरणारे हात लागतात. गोफर यांच्या हातांत ती ताकद नव्हती. जगभरातल्या लोकांना त्यांनी उभं केलं त्या सूटमध्ये ते स्वतः चालू शकत नव्हते.

कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे आपण स्टेटसला लावतो, बहुतेक रिझल्ट वाईट लागल्यावर. मला तो उपदेश गोफर यांच्या टेबलाशी जास्त खरा वाटतो. फळ मिळणार नाही हे माहीत असताना, मोटर कितव्या अंशाला वळली पाहिजे हे वर्षानुवर्षं मोजत बसायचं. निष्काम म्हणजे फुकट नव्हे हं, कंपनी होती, पैसा होता. आणि पुढे त्यांनी स्वतःसारख्यांसाठी उभं राहता येईल अशी चाकाची खुर्चीही बनवली, म्हणजे इच्छा मेलेली नव्हती. पण आधीचं काम त्या इच्छेवर टांगलेलं नव्हतं.

पैशाचं आलंय तर तेही बोलू. 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारी विम्याने अशा सूटसाठी साधारण 91,000 डॉलर ठरवले, म्हणजे आपले पंचाहत्तर लाख. त्याच वर्षी तिथल्या एका माजी जॉकीची गोष्ट बातम्यांत आली. त्याचा सूट बंद पडला, बिघाड एका किरकोळ तारेचा. कंपनीने सांगितलं, यंत्र पाच वर्षांहून जुनं आहे, आम्ही हात लावत नाही. गाजावाजा झाल्यावर दुरुस्त करून दिलं. कृपा की इंजिनिअरिंग हा प्रश्न त्याला विचारला असता तर तो काय म्हणाला असता कोण जाणे. त्याला तार हवी होती.

आणि आपण? पंचाहत्तर लाखांचं यंत्र आपल्या हातात नाही, मान्य. पण तुमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मांडवाला किती पायऱ्या आहेत? भजनाला जमता त्या हॉलच्या संडासात व्हीलचेअर वळते का? लाकडी फळी टाकून रॅम्प करायला किती खर्च येतो हे मंडळाच्या खजिनदाराला विचारा. आणि त्याच्याही आधी, खुर्चीतून येणाऱ्या दादाला किंवा काकूंना विचारा की त्यांना काय लागतं. उचलून नेऊ म्हणू नका. मोठ्या माणसाला चार जणांनी उचलणं आपल्याला सेवा वाटते, त्यांना कसं वाटतं ते त्यांच्याकडून ऐका.

शेवटी मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया. 29 मे 1965 ला ते एव्हरेस्टच्या माथ्यावर होते. त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं, गोळी लागली, मज्जारज्जूला इजा झाली आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. आधी डोंगर, मग पांगळेपण, आपल्या श्लोकाच्या अगदी उलट क्रमाने. जानेवारी 2022 मध्ये ते गेले तोपर्यंत दिल्लीत वसंत कुंजमध्ये इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं होतं, त्यांनीच उभारलेलं, खास अशा इजांवर उपचार करणारं. मणका मोडलेली माणसं देशभरातून तिथे येतात, काही कुबड्या घेऊन बाहेर पडतात, काही खुर्चीत. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'हायर दॅन एव्हरेस्ट'.

उद्या अरुणाची कथा पूर्ण घेऊ, विनता आणि कद्रूच्या पैजेसकट.

राम कृष्ण हरी.