नमुना आणि स्मारक

स्मारक मृताचे असते की त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांचे, हा प्रश्न गिरगावालगतच्या सोनापुराच्या संदर्भात तीव्रतेने उपस्थित होतो. मुंबईकरांच्या बोलीत ‘सोनापूर’ हा शब्द स्मशानाचा पर्यायच होऊन बसला होता. तेथील दफनभूमीत १८३२ च्या डिसेंबरात व्हिक्तोर झाकमाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाला पुरण्यात आले. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्याला नमुने गोळा करण्यासाठी पाठविले होते. १८२९ मध्ये कलकत्त्यास उतरून हिमालय, रणजितसिंहांचे लाहोर, काश्मीर, पुणे अशी भ्रमंती करीत तो मुंबईस आला आणि ७ डिसेंबर रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, येथेच वारला. १८८१ मध्ये त्याच्या अस्थी उकरून फ्रान्सला नेण्यात आल्या. आज त्या त्याच संग्रहालयात आहेत. ज्या संस्थेसाठी त्याने आयुष्य वेचून संग्रह केला, तिच्या संग्रहात अखेर तोही जमा झाला!

हा केवळ दैवदुर्विलास मानून पुढे जाता येत नाही. वनस्पती आपल्या मातीतून उपटली, दाबून वाळविली, तिला चिठ्ठी लावली, की तिचा नमुना सिद्ध होतो. राष्ट्रीय स्मारकाची घडणही बरीचशी अशीच असते. झाकमाँच्या अस्थींवर हक्क सांगणारे राष्ट्र होते. शेजारच्या थडग्यांतील माणसांसाठी असे कोणी आले असण्याचा संभव थोडाच.

मग त्यांनी अस्थी नेल्या, तसे आपणही येथून गेलेले नमुने परत मागावेत काय? हा युक्तिवाद आकर्षक असला तरी अपुरा आहे. वाळलेले पान परत आले तरी त्यावरची चिठ्ठी तीच राहते. ज्याच्या सालीवर काश्मिरी पंडितांनी शतकानुशतके पोथ्या लिहिल्या, त्या भूर्जाचा एक प्रकार शास्त्राच्या दप्तरी झाकमाँच्या नावाने नोंदला गेला आहे. नोंद खोटी नाही. परंतु तिच्या संकेतव्यवस्थेत वाट दाखविणाऱ्याला, ओझे वाहणाऱ्याला, झाडाचे गावातले नाव सांगणाऱ्याला जागाच नसते.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने एक भेद लक्षात घ्यावयास हवा. झाकमाँची कीर्ती पसरली ती मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रांमुळे, आणि त्या पत्रांत नोकरचाकर, शिपाई, हमाल यांची वर्दळ आहे. कधी कौतुकाने, पुष्कळदा त्राग्याने, पण ती माणसे तेथे आहेत. एकाच हाताने लिहिलेल्या पत्रात जे मावले, ते चिठ्ठीत मावले नाही. स्मारके उभारताना मात्र शिलालेखासाठी आदर्श निवडला जातो तो चिठ्ठीचा.