कढईपासून हातापर्यंत

आज घरी जत्रेतली भजी करायची आहेत. पण गॅस अजून पेटवू नका. ओट्याजवळ स्टूल ओढून बसा. हात मोकळे ठेवा. आधी जत्रा आठवूया.

पुण्यातल्या चतुःशृंगीचीच घ्या. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि सेनापती बापट रस्त्यालगतच्या देवीच्या टेकडीखाली पाळणे, बांगड्या, खेळणी, भेळ यांची दाटी होते. तुम्ही पायऱ्या चढून दर्शन घेतलंत. आता उतरताय. गर्दीबरोबर पुढे सरकताना तळणीचा वास आधी येतो, कढई नंतर दिसते. कढईमागचा माणूस एका हाताने पीठ सोडतोय, दुसऱ्या हातातल्या झाऱ्याने घाणा हलवतोय. तो तुमच्याकडे बघतही नाही, पण घाणा उतरताच पहिली चार भजी तुमच्या हातात येतात. बोटं भाजतात. फुंकर मारत तुम्ही पहिला घास घेता.

इथे थोडं थांबा. त्या घासात नेमकं काय आवडलं होतं, ते स्वतःला विचारा. बेसन घरात आहे. कांदा, मिरची, ओवा, तेल, सगळं आहे, आणि बहुधा जत्रेतल्यापेक्षा चांगलं आहे. तरी घरी भजी केली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जत्रेतल्यासारखी नाही झाली.’ मग तिथे काय होतं, जे इथे नाही?

मला याचं एकच उत्तर सापडतं. तिथे कढई आणि तुमचा हात यांच्यामध्ये एक फळी होती, बस. भजी तेलातून निघाली ती थेट तुमच्याकडे आली. घरात मधे झाकण येतं, डबा येतो, बैठकीची खोली येते, ‘सगळे बसले की खाऊ’ येतं. आज आपल्याला हे अंतर कमी करायचं आहे. ते मनात धरून उठा.

चार मध्यम कांदे घ्या आणि उभे, पातळ चिरा. परातीत पसरून त्यावर मीठ भुरभुरा, बोटांनी पाकळ्या सुट्या करा आणि बाजूला ठेवा. पंधरा मिनिटं काही करायचं नाही. पुण्याजवळ सिंहगडावर कोसळत्या पावसात कांदाभजीसाठी उभे राहिलेले लोक तळणीच्या वासावरच वाट बघतात, तशी तुम्हीही बघा. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर ओढतंय. पाकळ्या मऊ पडतायत, परातीच्या तळाशी ओल जमतेय. पीठ भिजायला एवढं पाणी जवळजवळ पुरतं. नळाखाली वाटी धरण्याची सवय आज सोडा. कांद्याकडे जे आहे ते त्याने सोडेपर्यंत धीर धरायचा.

तोवर मिरचीकडे बघा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात वड्यांचं, पुऱ्यांचं तळण आलं आहे. त्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. तिखटपणाला मिरी होती. मिरची पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली, बटाटाही तसाच आला. आज ज्यांच्यावाचून जत्रेतली कढई सुचत नाही, ते दोघेही एकेकाळी पाहुणे होते. डाळीचं पीठ भिजवून गरम तेलात सोडणारे हात मात्र त्यांच्याही आधीचे आहेत. आज तुमचे हात त्याच कामाला लागलेत, हे क्षणभर मनात येऊ द्या.

महाराष्ट्रात घरातल्या तळणालाही मान आहे. आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत त्या दिवशी कांद्याचे पदार्थ मनसोक्त होतात, भजी तर होतातच. त्याच महिन्यात ‘आषाढ तळायचा’ म्हणून गुळाच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या होतात. बाहेर ओल, आत कढई आणि तिच्याभोवती घर. आणि नवरात्रात तुमच्याकडे कांदा चालत नसेल तर कढई अडून बसत नाही. बटाट्याच्या चकत्या, लांब मिरच्या, कुंडीतल्या ओव्याची जाड पानं, काहीही पिठात बुडवा.

आता कांद्याकडे परत या. चिमूटभर हळद, तिखट, हातावर चोळलेला ओवा आणि बारीक चिरलेली मिरची घाला. चोळलेल्या ओव्याचा वास घ्या. जत्रा निम्मी इथेच आली. मग वाटीभर बेसन आणि कुरकुरीतपणासाठी दोन चमचे तांदळाचं पीठ. सगळं एकदम ओतू नका. मूठमूठ भुरभुरत जा आणि प्रत्येक मुठीनंतर बोटांनी कालवून बघा. कांद्यावर पिठाचा पातळ लेप बसला पाहिजे. कांदा दिसला पाहिजे, पीठ फक्त त्याला धरून ठेवण्यापुरतं. अशा मोकळ्या, पाय पसरलेल्या भजीला आपण खेकडा भजी म्हणतो. शेवटी गॅस पेटवून चमचाभर तेल कडकडीत तापवा, त्याचं मोहन घाला आणि चमच्याने हलवा. चुर्र असा आवाज आला की पीठ तयार.

आता तळणीकडे वळा. जाड बुडाची कढई, निम्म्यापेक्षा कमी तेल. ओले हात पुसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढचा अर्धा तास कढई सोडून जायचं नाही. तापलेलं तेल आपल्याकडून एवढीच एक गोष्ट मागतं.

तेल बघत राहा. आधी ते स्थिर असतं, मग तळातून बारीक लाटा उठल्यासारख्या दिसतात. पिठाचा एक थेंब सोडा. तळाशीच बसला, तर थांबा. पडताच काळपटला, तर आच कमी करा. खाली जाऊन बुडबुड्यांसह लगेच वर आला, तर वेळ झाली. त्या वेळी तेल 170 ते 180 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. जत्रेतल्या माणसाकडे तापमापक नसतो. थेंब असतो आणि डोळे असतात. तुमच्याकडेही तेच आहेत.

चारपाच भजी अलगद, कढईच्या कडेने सोडा. भरगच्च घाणा घालू नका. तेलाची उष्णता एकदम उतरते आणि भजी तेल पितात. आता फक्त ऐका. सुरुवातीचा आवाज मोठा, दाट असतो. हे बुडबुडे तेलाचे नाहीत. पिठातलं, कांद्यातलं पाणी 100 अंशांना वाफ होऊन बाहेर पडतंय. वाफ बाहेर जोर लावते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. हळूहळू आवाज विरळ होतो, बुडबुडे लहान होतात, रंग सोनेरीवरून जरा गडद होतो. झाऱ्याने उलटवा. आवाज आणखी बारीक झाला की काढायची वेळ जवळ आली. किती मिनिटं, ते आज विचारू नका. ऐकून कळतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला ते नक्की कळतं.

भजी झाऱ्यात उचला आणि कढईवरच नीट निथळू द्या. ही घडी महत्त्वाची आहे. तळणात मुरणारं बरंचसं तेल कढईत असताना आत जात नाही. बाहेर काढल्यावर पदार्थ निवू लागला, आतली वाफ आकसली, की वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून निथळणं गरम असतानाच व्हायला हवं. मग भजी जाळीवर पसरून ठेवा. ढीग नको, झाकण तर मुळीच नको. बाहेरचं कवच कोरडं आहे, आत अजून ओल आहे. ती ओल क्षणाक्षणाला बाहेरच्या कवचाकडे सरकतेय. झाकलंत तर वाफ कोंडते आणि कवच मऊ पडतं.

आता जत्रा पुन्हा आठवा. कुरकुरीतपणाचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. ती मिनिटं जत्रेतला माणूस वाया जाऊ देत नाही, कारण खाणारा समोर उभा असतो. घरातली भजी मऊ पडतात ती बहुतेक वेळा कृती चुकली म्हणून नाही, तर खाणारा लांब असतो म्हणून.

तेव्हा आता हाक मारा. सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलवा. ताट बाहेर पाठवू नका, माणसं आत येऊ द्या. लहान मुलांना कढईपासून चार हात लांब उभं करा आणि कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवा. तेलाने कधी पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं, पाणी कधीच ओतायचं नाही, हे घरातल्या प्रत्येक मोठ्याला माहीत हवं. भजी वर्तमानपत्राच्या कागदावर देऊ नका. छपाईची शाई पोटात जाते, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली त्याविरुद्ध इशारा दिला आहे. पळसाचा द्रोण असेल तर उत्तम, नाही तर साधी स्टीलची ताटली. आणि एकदा वापरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. हॉटेलांतल्या आणि विक्रेत्यांच्या तेलासाठी 2018 च्या जुलैपासून नियम आहे: तेल खराब झाल्याची खूण असलेली ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल टाकायचं. घरी आपल्याला नाक आहे. वास कडवट झाला, रंग काळवंडला, फेस राहू लागला, तर त्या तेलाला निरोप द्या. जत्रेहून आपलं तळण इथे नक्की सरस होऊ शकतं.

सगळे आले? आता कढईपुढच्या माणसाकडे बघा.

आपल्या किती घरांत हा माणूस आई असते, किंवा आजी, काकू, सूनबाई. ती घाण्यामागून घाणा काढते. बाहेरून आवाज येतो, ‘अजून आण गं!’ सगळे उठल्यावर ती उरलेली चार मऊ भजी चहाबरोबर उभ्याउभ्याच खाते. आयुष्यभर भजी तळूनही गरम भजी जिला क्वचितच मिळाली, अशी बाई तुमच्याही ओळखीची असेल. डोळे मिटा आणि तिचा चेहरा समोर आणा. तिच्यापासून कढई सगळ्यात जवळ होती आणि भजी सगळ्यात लांब.

जत्रेतला माणूसही दिवसभर तळतो, पण त्याला मोबदला मिळतो आणि समोरच्या खाणाऱ्याचा चेहरा दिसतो. घरातल्या तळणारीला यातलं काय मिळालं? हा प्रश्न सोडवायची घाई करू नका. पुढचा घाणा होईपर्यंत तो मनात राहू द्या.

आता घाणा उतरला. यातली पहिली भजी तळणाऱ्याच्या हातात द्या. आच मंद करून तिला, किंवा त्याला, खाऊ द्या. मग झारा दुसऱ्याने घ्यावा. मुलगा, नवरा, सासरे, कुणीही. एक घाणा एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. थेंब कसा बघायचा, आवाज कसा ऐकायचा, हे शेजारी उभं राहून सांगितलं की कुणालाही येतं.

भजी संपली, तरी एक काम आहे. जत्रेत सगळंच उभ्याउभ्या खाण्याचं नसतं. पुडीत बांधून घरी न्यायचाही खाऊ असतो: रेवड्या, बत्तासे, गोडी शेव. कोकणात आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत आणि गोव्यातल्या देवळांच्या जत्रांत गुळात घोळलेलं खाजं असतं. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हा खाऊ ज्याला जत्रेला येता आलं नाही त्याच्यासाठी. दुखऱ्या गुडघ्याच्या आजोबांसाठी, तापाने झोपलेल्या पोरासाठी. भजीला अंतर सोसत नाही. गोडी शेव अंतर पार करण्यासाठीच केलेली असते.

म्हणून, तेल तापलेलंच आहे तर, दोन वाट्या बेसनात चिमूटभर मीठ आणि दोन चमचे मोहन घालून घट्ट भिजवा. सोऱ्याला मोठ्या भोकांची चकती लावून जाड शेव पाडा आणि मध्यम आचेवर खुसखुशीत तळा. शेव पूर्ण निवू द्या. वाटीभर गूळ दोनतीन चमचे पाण्यात विरघळवून उकळा. थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकला आणि त्याची घट्ट गोळी वळली की सुंठ-वेलची घालून गॅस बंद करा. शेव त्यात टाका आणि हलकेच घोळत राहा. आधी चिकट होईल. घोळणं सोडू नका. गूळ हळूहळू सुकतो आणि शेवेवर त्याचा कोरडा, फिकट थर बसतो. गार झाली की डब्यात भरा. ती बरेच दिवस टिकते.

डबा भरताना एक नाव मनात आणा. यंदा गर्दीत जाऊ न शकलेलं, एकटं राहणारं, तुमच्याच इमारतीतलं किंवा पेठेतलं कुणीतरी. डबा आजच नेऊन द्या आणि दारातून परत फिरू नका. दोन मिनिटं आत बसा. आणि पुढच्या वेळी घरात कढई चढेल, तेव्हा बाहेरून ‘अजून आण’ असं कुणीच ओरडू नका. आत जा, झारा हातात घ्या आणि तळणारीला गरम भजी खायला बसवा.