पहाटेची वेळ कुणाची?

जुलै उजाडला की कोल्हापूर जिल्ह्यातली माणसं भेटल्या भेटल्या एकमेकांना विचारतात, "किती फूट झालं?" कशाचे फूट, हे सांगावं लागत नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाणारी ही पंचगंगेची पातळी. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्या घराची झोप या एका आकड्यावर टांगलेली होती. जनावरं कधी सोडायची, धान्य माळ्यावर कधी चढवायचं, म्हाताऱ्या माणसाला कोणत्या पाहुण्यांकडं हलवायचं, हे सगळं त्याच्यावरच ठरायचं.

उन्हाळ्यात त्याच बंधाऱ्यावर वेगळं चित्र दिसतं. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून राहतं. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी बाप पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतो, गाठ दोनदा ओढून बघतो आणि "हात मार, पाय मार" म्हणत त्याला पुढं ढकलतो. पोर आधी पाणी पितं, मग रडतं, मग विसरतं. डबा त्याला तरंगत ठेवतो आणि हातापायांना पाण्याची ओळख होईपर्यंत सांभाळतो. काठावर आई धुणं धूत असते, मधूनच मान वर करून पोराकडं बघत. सगळं घर नदीवर आलेलं असतं, पण तिघांतली एक कामावर असते.

कुटुंबाच्या आरोग्याबद्दल सध्या पुष्कळ बोललं जातं. आहार, व्यायाम, झोप, मनःशांती, एकमेकांना दिलेला वेळ असं सगळं त्यात येतं, आणि ते बरोबरच आहे. मात्र या गोष्टी घराच्या चार भिंतींत, ज्याच्या त्याच्या निश्चयावर उभ्या राहतात, असं गृहीत धरलं जातं. कोल्हापूरचा अनुभव निराळा आहे. या शहरानं तब्येत घडवली ती सामाईक जागांवर: तालमीत, घाटावर, मैदानावर, दूध कट्ट्यावर. तिथं कोण जाऊ शकलं आणि कोण नाही, यावर घराघरातली तब्येत ठरत गेली.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, बावड्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातला. कुस्तीला त्यांनी राजाश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. त्यांच्या काळात पेठापेठांतल्या तालमींना जे बळ मिळालं, ते आजही शहराच्या अंगात आहे. तालीम म्हणजे निव्वळ व्यायामशाळा नव्हे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळून हौद तयार करायचा, पहाटे उठून जोर-बैठका काढायच्या, वस्तादांसमोर मान खाली घालून उभं राहायचं आणि संध्याकाळी पुन्हा मातीत उतरायचं. पोरगं वाईट वळणाला लागू नये म्हणून बाप त्याला वस्तादांच्या हवाली करत असे. भूक, झोप, राग, शिस्त यांचा बंदोबस्त एकाच छपराखाली होत होता. पुढं याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं आजही शाहू स्टेडियमवर गर्दी खेचतात.

1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. एका पोराच्या अंगातली ताकद ही साऱ्या गावाची जबाबदारी आहे, असं मानणारं हे शहर होतं.

मेहनतीच्या जोडीला खुराक आला. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येतात, गिऱ्हाईकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ पेला थेट हातात मिळतो. बदामाची थंडाई, तूप, मटण, पांढरा रस्सा. हजार-हजार बैठका मारणाऱ्या देहाला हे सगळं लागतच होतं. अडचण पुढं झाली. मेहनत सुटली आणि खुराक मात्र टिकला. पैलवानाच्या नातवाची सकाळ आता मोटारसायकलवर सुरू होते, दिवस खुर्चीत जातो आणि रात्रीच्या ताटात आजोबांचाच रस्सा असतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात रस्स्याला दोष देण्यात अर्थ नाही. पांढरा रस्सा हे या मातीचं वैभव आहे. रोज ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून मटण, ही जुनी घडी मोडली आणि सणाचं जेवण रोजच्या ताटात आलं, दुखणं तिथलं आहे.

आता काठावर धुणं धुणाऱ्या बाईकडं वळायला हवं, कारण खरा प्रश्न तिचा आहे.

कोल्हापुरात बायकांना व्यायाम नव्हता, असं कुणी म्हणणार नाही. गौरी-गणपतीत इथं झिम्मा-फुगडीला जो रंग चढतो, तो पाहिलेला माणूस विसरत नाही. सूप नाचवायचं, घागर घुमवायची, पिंगा घालायचा, गुडघ्यात वाकून उड्या घ्यायच्या. एरवी कंबर धरून चालणारी साठीची आत्या फुगडीत सुनेला दमवते. श्वास, तोल, ताल, कमरेचा आणि गुडघ्यांचा व्यायाम, वर पोटभर हसणं आणि मनातलं सगळं गाण्यातून बोलून टाकणं. मन आणि शरीर दोन्ही मोकळं करणारं हे फार मोलाचं धन आहे. नवरात्रात पहाटे अनवाणी देवीला चालत जाणाऱ्या बायकांच्या रांगा पाहा, त्यांच्या चालीतही तीच उमेद दिसते.

फरक इतकाच आहे की पुरुषांच्या मेहनतीला रोजची वेळ मिळाली, इमारत मिळाली, वस्ताद मिळाले. बायकांच्या खेळाच्या वाट्याला सणाचे मोजके दिवस आले. हातात सूप आणि घागर, म्हणजे खेळातही घरकामाचीच साधनं. गौरी विसर्जन झालं की सूप पुन्हा धान्य पाखडायला लागतं.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा वेळ सरासरी 299 मिनिटं निघाला. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं, आणि मुळात असं काम करणारे पुरुषच चारात एकाच्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होतं. ज्या जिल्ह्यात गोठ्यातलं शेण काढण्यापासून धार काढण्यापर्यंतचं बरंचसं काम बायकांच्या हातून होतं आणि 1963 पासूनचा गोकुळसारखा दूध संघ त्यावर उभा आहे, तिथं तिच्या स्वतःच्या पेल्यात किती दूध उरतं, हे प्रत्येक घरानं आज रात्री जेवताना बघावं. सगळ्यांची पानं उठल्यावर जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा येतो, फोडी संपलेल्या असतात.

"आई, चालाय जात जा की." "कवा जाऊ रं? तुझा डबा कोण करणार?"

हा संवाद बावड्यातल्या कुठल्याही गल्लीत ऐकू येईल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तो अर्धा तास आईला सल्ला देऊन मिळणार नाही, तो 299 मिनिटांतून कुणीतरी काढून द्यावा लागेल. सहाच्या ठोक्याला पोरानं चहा टाकला, नवऱ्यानं पीठ मळलं, तरच ती रस्त्यावर दिसेल. भाकरी थापायला शिकणं हा अशा घरात पुरुषाचा व्यायाम मानावा. कोमट पाण्यात पीठ मळून तळव्यानं रेटायचं, गोल फिरवत थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. चार भाकऱ्यांत मनगट बोलायला लागतं.

बाहेरही जागा हवी. रेश्मा मानेसारख्या मुलींनी कोल्हापूरची कुस्ती देशभर गाजवली, तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीचं जागतिक सुवर्ण जिंकलं. पोरींसाठी दार किलकिलं झालं आहे, त्यांच्या आयांसाठी अजून नाही. तालीम मंडळांकडं जागा आहे, माणसं आहेत, मान आहे. गौरीचा झिम्मा बारा महिने त्या जागेत, ठरलेल्या वेळी, दिव्याच्या उजेडात खेळता आला तर त्यासाठी नवं काही शोधावं लागणार नाही.

आणि नदी. बावड्यात रोज 7 कोटी 60 लाख लिटर क्षमतेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तरी पंचगंगेचं प्रदूषण संपलेलं नाही. 2012 च्या उन्हाळ्यात खालच्या अंगाला इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं म्हणून पोराचं पोहणं सुरक्षित होत नाही. महापुरात फूट मोजणाऱ्या घरांनी तितक्याच काळजीनं उन्हाळ्यात पाण्याचा रंग आणि वासही विचारायला हवा.

मे संपत येतो. आठ-पंधरा दिवसांत पोराचा हात बसलेला असतो. बाप डबा सोडून काठावर ठेवतो आणि दोघं मधल्या धारेकडं निघतात. पिळे भरलेली बादली बाजूला सारून आई उभी राहते. तिला पोहायला येत नाही, लहानपणी कुणी शिकवलंच नाही. दोरीची गाठ अजून ओली असते आणि डबा रिकामा असतो.