दार कुणी ठोठवायचे?

माझा एक मामेभाऊ अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. २०२३ साली त्याने तिथले नागरिकत्व घेतले. शपथविधीच्या दिवशी इतर कागदांबरोबर मतदार नोंदणीचा एक फॉर्मही त्याच्या हाती पडला. त्याने तो घरी आणून टेबलाच्या खणात ठेवला. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याचा फोन आला, तेव्हा अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. मी सहज विचारले, ''मत कुणाला देणार?'' तो हसला. म्हणाला, ''बाजी, माझे नावच यादीत नाही. फॉर्म खणातच राहिला आणि मुदतही गेली. आणि खरे सांगू? आमच्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. माझ्या एका मताने काय फरक पडणार?''

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शिक्षिकेला प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय असते, पण त्या दिवशी मी गप्प बसले. याचे कारण पुढे सांगते. आधी त्याचा प्रश्न नीट समजून घेऊ.

आपल्याकडे मतदार यादी करणे हे सरकारचे काम मानले जाते. त्यासाठी माझ्यासारख्या शिक्षकांना घरोघर पाठवतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रीत उलटी आहे. नागरिकाने स्वतः पुढे होऊन नाव नोंदवायचे. शिवाय प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही. न्यू जर्सीत मतदानाच्या २१ दिवस आधी मुदत संपते. वाहन परवान्याच्या कचेरीतच नोंदणीची सोय करणारा कायदा १९९३ साली झाला. २०१६ पासून ओरेगनने अशा कचेरीत येणाऱ्या पात्र नागरिकांची नावे आपोआप घ्यायला सुरुवात केली आणि पुढे न्यू जर्सीसह इतर राज्येही त्या वाटेने गेली. मतदानाचा दिवस मात्र १८४५ च्या कायद्याने ठरवलेला नोव्हेंबरातला मंगळवारच आहे आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. रोजंदारीवरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हे दार नुसते बंद नव्हते, एके काळी त्यावर पहाराही होता. १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताचा हक्क नाकारू नये असे ठरले. पण दक्षिणेतल्या राज्यांनी मतासाठी कर लावला, वाचनाच्या परीक्षा लावल्या. मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाची एक काळी शेतमजूर बाई होती. वीस भावंडांतली सर्वांत धाकटी. वयाच्या ४४ व्या वर्षापर्यंत, आपल्यालाही नाव नोंदवता येते हे तिला ठाऊकच नव्हते. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती इतरांबरोबर इंडियनोला गावी नोंदणीला गेली. तिला राज्यघटनेतल्या एका कलमाचा अर्थ सांगायला लावून नापास केले गेले. त्याच दिवशी, जिथे तिने अठरा वर्षे राबून काढली होती त्या मळ्यातून तिला बाहेर काढले. पुढच्या वर्षी ती परीक्षेत पास झाली, पण त्याच वर्षी विनोना गावच्या तुरुंगात तिला बेदम मारहाणही झाली. त्या जखमा तिला जन्मभर पुरल्या. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्मा गावच्या पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली आणि ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला.

आता भावाचा प्रश्न पुन्हा घेऊ. 'एका मताने काय होते?' याचे नेहमीचे उत्तर म्हणजे २००० सालचे फ्लोरिडा. तिथे अधिकृत मोजणीत ५३७ मतांचा फरक निघाला आणि त्यावर देशाचा अध्यक्ष ठरला. पण हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. असे प्रसंग विरळा. अध्यक्ष निवडणारे ५३८ प्रतिनिधी राज्यवार ठरतात आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात १९९२ पासून एकाच पक्षाचा उमेदवार जिंकत आला आहे. हिशेबाने पाहिले तर माझा भाऊ चुकत नव्हता. (त्याच मतपत्रिकेवर गावचा महापौर आणि शाळेचे मंडळही असू शकते आणि तिथे फरक थोड्या मतांचा असू शकतो, हे तो विसरला एवढेच.)

पण मत हा फक्त हिशेब आहे काय? हेमरबाईंनी असा हिशेब केला असता तर त्या घराबाहेर पडल्याच नसत्या. त्यांच्या एका मताने मिसिसिपीचा निकाल बदलणार नव्हता आणि किंमत तर राहत्या घराची होती. मग त्या का गेल्या? मला वाटते, मत देणे ही निकालाआधी एक साक्ष आहे. मी इथे आहे, या गावच्या बऱ्यावाईटात माझा वाटा आहे, अशी साक्ष. आपल्याकडच्या अनेक उलेमांनी मताला शहादत म्हटले आहे ते उगीच नव्हे. साक्षीदार आपल्या एका साक्षीने खटला जिंकेल की नाही हे मोजत बसत नाही. त्याला जे माहीत आहे ते तो सांगतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. दोन्ही उमेदवार नापसंत असतील तर? अन्यायाच्या कारभारावर आपली मोहोर का उठवावी? अमेरिकेतल्या मुसलमानांपुढे हा प्रश्न जुना आहे. माल्कम एक्स ज्या संघटनेत वाढले ती मतदानाच्या राजकारणापासून दूर राहत असे. १९६४ च्या मार्चमध्ये ते तिच्यातून बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात काळ्या लोकांनी मताचे हत्यार ओळखावे असे जाहीर सभेत सांगू लागले. व्यवस्थेवर त्यांचा विश्वास बसला होता असे नाही; तिच्यातली कमकुवत जागा त्यांना दिसली होती. साठ वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, मिशिगनच्या प्राथमिक फेरीत एक लाखाहून अधिक मतदारांनी 'कुणालाही बांधील नाही' या रकान्यावर खूण केली. गाझातल्या युद्धाबाबतच्या धोरणाचा तो निषेध होता आणि त्यात अरब व मुस्लिम मतदार पुढे होते. ते घरी बसले असते तर त्यांचा राग कुणी मोजला असता? आपल्याकडेही २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. तात्पर्य, नकार द्यायचा तरी नाव यादीत असावे लागते. घरी बसलेल्याचा नकार आणि घरी बसलेल्याचा आळस यांत यादीला फरक कळत नाही.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण ती यादी माझ्या हातात होती.

२०१९ च्या निवडणुकीआधी मोहल्ल्यातल्या एका भागाची तपासणी माझ्याकडे होती. शाळा सुटल्यावर घरोघर जायचे, रकाने भरायचे. एका घराला तीन वेळा गेले, तिन्ही वेळा कुलूप. शेजारणीने सांगितले, ''वो तो गई मालेगाव.'' मी थकले होते, दहावीचे पेपर तपासायचे होते. मी 'स्थलांतरित' असे लिहून पुढे गेले. मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर चिठ्ठ्या देत बसले होते. एक म्हातारी बुरखा सावरत आली. मी दोनदा पाने उलटली. नाव नव्हते. ती मुलीच्या बाळंतपणाला गेली होती आणि परत आली होती, इतकेच. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ''टीचर, मैं तो इधरीच हूँ. फिर मेरा नाम किधर गया?''

अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा नियम वाचला तेव्हा मला तीच आठवली. तिथे दोन वर्षे मत न दिलेल्या माणसाला पत्र पाठवत. त्याने उत्तर दिले नाही आणि पुढची चार वर्षेही मत दिले नाही, तर नाव काढून टाकत. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धत वैध ठरवली. कायद्याने ते ठीक असेल. पण मौन म्हणजे गैरहजेरी, हे मानणे किती सोपे असते ते मला अनुभवाने ठाऊक आहे. बंद दारापुढे मीही तेच मानले होते. आणि हे केवळ परदेशातले दुखणे नाही. आपल्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते.

तर मग दार कुणी ठोठवायचे? माझ्यापुरते उत्तर असे आहे. यादी पुरी ठेवणे हे ज्याच्या हाती लेखणी आहे त्याचे कर्तव्य. ते राज्याचे आहे, म्हणून माझेही होते. ज्याला घर, मजुरी किंवा जीव गमावायची भीती आहे, त्याने मत दिले नाही म्हणून त्याला दोष देण्याचा हक्क कुणालाच नाही. पण ज्याचे दार उघडे आहे आणि फॉर्म खणात पडला आहे, त्याला 'एका मताने काय होते' असे म्हणता येत नाही. माझ्या भावाने शपथ घेतली त्या दिवशी भारतातला त्याचा मताचा हक्क संपला होता. तिकडचा त्याने घेतला नाही. म्हणजे जगाच्या पाठीवर एकाही यादीत त्याचे नाव नव्हते, आणि हे कुणी त्याच्यावर लादले नव्हते.

हे सारे मी त्याला फोनवर नीट सांगू शकले नाही. फक्त म्हातारीची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक झाली. त्या रात्री त्याचा फोन आला. ''बाजी, देऊन आलो. इथे बोटाला शाई लावत नाहीत, त्यामुळे मत दिल्यासारखे वाटतच नाही.''

म्हातारीचे नाव मी पुढच्या वर्षी सहा नंबरचा फॉर्म भरून पुन्हा घातले. सही येत नव्हती, म्हणून तिने अंगठा दिला. मग विचारले, ''अब तो नहीं जाएगा ना?'' मी ''नाही'' म्हटले. पण त्या दिवसापासून कुलूप दिसले की मी चौथ्यांदा जाते.