हिशेब जिथे थांबला

वेब दुर्बिणीने दूरची दीर्घिका टिपली रे टिपली, की 'विश्वातला पहिला तारा दिसला' असा मथळा येतोच. जेड्स-जीएस-झेड14-0 या दीर्घिकेचेच पाहा. महास्फोटानंतर जेमतेम 29 कोटी वर्षांनी निघालेला तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचला आहे, आणि 2025 मध्ये तिच्यात चक्क ऑक्सिजन आढळला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. म्हणजे तिथे आधीची एक पिढी जगून, मरूनही गेली होती!

मथळ्यांची घाई एकवेळ सोडून देऊ. पहिला तारा म्हणजे एकटा, अवाढव्य राक्षस, हे चित्र मात्र विज्ञानावर लिहिणाऱ्यांच्याही डोक्यातून जात नाही, आणि ते चुकीच्या वाचनातून आले आहे.

1967-68 मध्ये सॅस्लॉ-झिपॉय आणि पीबल्स-डिकी यांनी खरा पेच हाताळला: तारा जन्मायला आधी थंडावा लागतो. ढगातली उष्णता बाहेर पडली नाही तर तो आकसणार कसा? आज हे काम कार्बन, ऑक्सिजन आणि धूळ करतात. तेव्हा होते जवळपास फक्त हायड्रोजन आणि हेलियम. एखादा मोकळा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अणूला चिकटायचा, दुसरा अणू येऊन रेणू जुळला की सुटून पुन्हा मोकळा. हा रेणू ढगाला निववतो खरा, पण उणे 70 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा जोर सरतो. एवढ्या उबदार वायूचे बारीक तुकडे पडत नाहीत. शेकडो सूर्यांच्या वजनाचा गोळा एकदमच कोसळू लागतो.

एबल, ब्रायन आणि नॉर्मन यांनी 2002 मध्ये ही कोसळण संगणकावर उतरवली आणि एका ढगात फार तर एकच भारी तारा, असा निष्कर्ष काढला. गोम इथेच आहे. गाभा इतका दाट झाला की थंड करणारे किरण आतच अडकू लागले. ती अवस्था त्यांच्या समीकरणांत बसत नव्हती, म्हणून हिशेब थांबला. तेव्हा मध्यभागी साधारण एका सूर्याइतकाच गाभा होता. बाकीचा वायू त्याच्यावरच पडेल, हे गृहीत धरलेले होते. माझ्या मते तिथे थकला तो संगणक. वाचकांनी मात्र निसर्गच थांबला असे धरले.

2011 मध्ये क्लार्क आणि ग्राइफ यांच्या गटांनी हिशेब पहिल्या गाभ्याच्या पुढे नेला. गाभ्याभोवतीची तबकडी शंभरेक वर्षांतच फुटली आणि भावंडे जन्मली. त्याच वर्षी होसोकावा यांच्या गटाने दाखवले की मोठ्या ताऱ्याचा स्वतःचाच प्रकाश तबकडी उधळून लावतो. त्यांचा तारा 43 सूर्यांवर अडला.

ही भावंडे मोठ्यात विलीन होतात की बाहेर फेकली जातात, यावर अजून खडाजंगी चालू आहे. सूर्याच्या आठ दशांशाहून हलके एखादे निसटले असेल, तर ते आजही आपल्या आकाशगंगेत जळत असणार. सिंह राशीत 2011 मध्ये सापडलेल्या एका ताऱ्यात जड मूलद्रव्ये सूर्याच्या हजारो पटींनी कमी आहेत, पण आहेत. अगदी निर्भेळ असा एकही अजून हाती लागलेला नाही, आणि शोध जितका लांबतो तितकी त्या हलक्या भावंडांची शक्य संख्या खाली येत जाते.