सिगारेटच्या पाकिटातली नटी

अमेरिकेतल्या डरहॅमचे तंबाखू-कारखानदार वॉशिंग्टन ड्यूक यांनी १८९४ साली आपल्या मुलाला, जेम्सला, पत्र लिहिले. एका धर्मोपदेशकाचे पत्र सोबत जोडून, सिगारेटबरोबर कामुक छायाचित्रे वाटणे बंद कर, असे त्यांनी त्याला विनवले. पाकीट चेपू नये म्हणून आत जे जाड कार्ड घालत, त्यावर तेव्हा रंगभूमीवरच्या नट्या झळकत. काही कार्डांवर त्यांचे नाव असे, काहींवर तेही नसे. वॉशिंग्टन ड्यूक श्रद्धावान मेथडिस्ट होते. या चित्रांनी तरुण मने बिघडतात, हा त्यांच्या आक्षेपाचा रोख. वासनेने पाहणे हाच मनातला व्यभिचार, अशी मत्तयच्या शुभवर्तमानाची शिकवण असल्याने तो आक्षेप ख्रिस्ती परंपरेला धरूनच होता. मात्र त्यात चिंता आहे ती पाहणाऱ्याच्या आत्म्याची. जिचे चित्र वाटले जाते, तिचा विचार नाही. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, असे मानणाऱ्या धर्मात ही उणीव मला फार गंभीर वाटते.

यावर कोणी म्हणेल, जी हजारोंसमोर टाइट्स घालून उभी राहते, तिचा कार्डाने असा कोणता अपमान होतो? याचे उत्तर एका नटीनेच दिले आहे. १८९० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये मॅरियन मॅनोला टाइट्समध्ये भूमिका करत असताना प्रेक्षागृहातल्या बॉक्समधून चोरून, झगझगीत उजेड पाडून तिचे छायाचित्र घेतले गेले. ते वापरू नये म्हणून ती कोर्टात गेली आणि तिला मनाईहुकूम मिळाला. तिच्या वागण्यात मला विसंगती दिसत नाही. रंगमंचावर ती भूमिकेत असते, प्रयोगाला सुरुवात आणि शेवट असतो, आणि प्रेक्षक तिच्यासमोर बसलेला असतो, त्याचे हसणे, त्याची शांतता तिला कळते. छायाचित्रातून भूमिका गळते, वेळेची मर्यादा जाते, आणि पाहणारा तिच्यापासून पूर्ण लपलेला राहतो. तिची संमती पहिल्या पाहण्याला होती, दुसऱ्याला नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कित्येक नट्या राजीखुशीने छायाचित्रकारासमोर बसत. छायाचित्रकार नेपोलियन सारोनी तर नामवंतांना त्यासाठी पैसे मोजत असे. शिवाय संग्राहक जेफरसन बर्डिकने जमवून मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिलेल्या तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंत अशी कार्डे आहेत, म्हणून विसरले गेले असते असे चेहरे आज टिकले. हे टिकणे मोलाचे आहे, पण पुढे झालेल्या लाभाने आधीच्या व्यवहाराचा न्याय होत नाही. संमतीचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. स्वतः ठरवून, मोबदला घेऊन कार्डावर आलेल्या नटीवर अन्याय झाला असे म्हणता येत नाही, मग तिचा पोशाख कसाही असो. उलट गळ्यापर्यंत झाकलेल्या नटीचे चित्र तिला न विचारता सिगारेट खपवायला वापरले, तर तिला निव्वळ साधन केले जाते. वॉशिंग्टन ड्यूक यांच्या कसोटीवर पहिले कार्ड दोषी ठरते आणि दुसरे निर्दोष सुटते.