फसला की फसविला?



इंग्रजी भाषेत ‘एन्स्नेअर’ असे एक क्रियापद आहे. ‘स्नेअर’ म्हणजे दोरीचा अगर तारेचा फास. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि ‘एन्’ हा उपसर्ग लागून फासात घालणे असा त्याचा अर्थ झाला. शिकाऱ्याचा फास सरकगाठीचा असतो. सावज जसजशी ओढ घेते तसतशी गाठ आवळत जाते. शिकारी जवळ असावा लागत नाही. पुढे हे क्रियापद माणसांविषयीही योजिले जाऊ लागले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात सर्वस्व गमावलेला नायक इयागोच्या कपटाविषयी विचारतो, तेव्हा त्याच्या मुखी हेच क्रियापद आहे.

या क्रियापदाला फास टाकणारा कर्ता लागतो. आपण मात्र ‘तो फसला’ म्हणतो, आणि टाकणारा वाक्यातून निसटतो! ‘फसविणे’ हे क्रियापद आपल्यापाशी आहे, परंतु ते ऐन वेळी आपल्याला आठवत नाही.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांना फोनवरील तोतया पोलिसांनी ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगून दोन दिवस खोलीत बसवून ठेविले. दाराला कुलूप नव्हते. अशी अटक कायद्यात नाहीच, हे २०२४ साली खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सांगितले होते. पण भयापुढे ते आठवते कोणाला? आयुष्याची पुंजी गेली. मंडपात कुजबुज झाली, ‘एवढा शिकलेला माणूस, फसला कसा?’ त्यांनी आरतीस येणे सोडले.

आमच्याही मनात तेव्हा ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील पोपट आला, हे कबूल केले पाहिजे. त्याच्याच भाराने नळी फिरते, आणि मोकळा असूनही तो तिला घट्ट धरून राहतो. परंतु तो दृष्टांत जीवाने स्वतःकडे पाहावे म्हणून आहे, शेजाऱ्याला लावण्यासाठी नव्हे. शिवाय ती नळी झाडाला उगवलेली नसते, कोणीतरी बांधलेली असते.

असो. गेल्या एकादशीस आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि ‘तुम्हांला फसविले’ एवढेच म्हणालो. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, ‘तक्रारीसाठी तो १९३० क्रमांक आहे ना, तो तुमच्या फलकावर लिहाल का?’ तो आता सभामंडपाच्या फलकावर लिहिला आहे.